कानात तेल ओतायच्या आधी

गेल्या अंकात मी कुत्र्याच्या कानाला येणाऱ्या वासावर जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की वास आला तर घरी प्रयोग करत बसू नका, एकदा दाखवून घ्या. त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचं सगळं सदर कानावरच करून टाका, म्हणून हा प्रपंच. गंमत अशी की प्रश्न कुत्र्याचा असो, गायीचा असो नाहीतर बोकडाचा, निम्म्या पत्रांत एक वाक्य सेम टू सेम होतं, "थोडं कोमट तेल सोडलंय". त्यामुळं यावेळी उपाय कमी आणि कान जास्त सांगणार आहे, आत नेमकं काय आहे ते एकदा कळलं की तेलाची बाटली उचलताना हात जरा अडखळतो.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर चार वर्षांचा आहे. पावसाळा लागला की त्याच्या कानाला घाण वास येतो, सारखं डोकं झटकतो, मागच्या पायानं खाजवत बसतो. सासूबाई म्हणतात खोबरेल कोमट करून घाल, आमच्या लहानपणी आमच्या कानात घालायचेच की. मी इअरबडनं साफ करते पण आत काही दिसतच नाही. कुत्र्याचा कान असतो तरी किती खोल? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ताई, दिसणार नाहीच, कारण कुत्र्याचा कान वळलेला असतो. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची आणि बऱ्यापैकी सरळ, त्यामुळं डॉक्टरांनी बॅटरी मारली की पडदा दिसतो. कुत्र्याची नळी जातीप्रमाणे पाच ते दहा सेंटीमीटर, आणि ती आधी डोक्याच्या कडेनं सरळ खाली उतरते आणि मग एकदम काटकोनात वळून आत कवटीकडं जाते. घरातला नळाचा एल्बो असतो ना, तसंच. पडदा त्या आडव्या तुकड्याच्या शेवटी. आता विचार करा, तुमचा इअरबड वरून सरळ खाली जातो आणि त्या कोपऱ्यावर जाऊन थांबतो, म्हणजे तुम्ही मळ काढत नाही, तो कोपऱ्यात ठासून भरता. बंदुकीत दारू भरतात तसं.

हाताला लावून बघायचं असेल तर आता बघा. कुत्रा शांत बसलेला असताना कानाच्या बुडाशी, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा मागं दोन बोटांनी हलकेच चाचपा, रबरी पाइपासारखं काहीतरी लागेल, तीच उभी नळी. चांगल्या कानात ती दाबली की दबते, सोडली की परत येते. जुना, वर्षानुवर्षं पिकलेला कान असेल तर ती कडक लागते, कधी कधी तर हाडासारखी, आतली कातडी सुजून सुजून नळी बंद होत आलेली असते आणि मग ड्रॉप्सचा काही उपयोग राहत नाही, थेट ऑपरेशनचीच भाषा सुरू होते. तुमच्या कुत्र्याची दबत असेल तर वेळ गेलेली नाही.

नळीला आतून कातडीचंच अस्तर असतं, त्यात तेल आणि मेण करणाऱ्या ग्रंथी असतात, आणि ही कातडी हळूहळू पडद्याकडून बाहेर सरकत असते, सरकत्या पट्ट्यासारखी, मळ स्वतःच बाहेर आणून टाकते. म्हणजे निरोगी कानाला आपली गरजच नाही. गडबड होते ती पावसाळ्यात, लोंबता कान वरून झाकण घालतो, आत ऊब आणि ओल, लॅब्राडोरला पाण्यात डुंबायची हौस, आणि त्यावर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, फोफावते, ती तशीही कातडीवर थोडीफार असतेच. तो जो आंबूस, जुन्या मोज्यांसारखा वास येतो ना, तो बऱ्याचदा तिचा. आता अशा बंद एल्बोमध्ये तुम्ही तेल घातलंत तर ते बाहेर येणार कुठून? तिथंच बसतं, मळ चिकटवून ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं गेलात तर त्यांनाही पडदा दिसत नाही. मी कित्येकदा आधी तेल काढण्यातच अर्धा तास घालवलाय.

आणि पडदा दिसणं का महत्त्वाचं, तर तो फाटलेला असला तर वरून घातलेलं सगळं मधल्या कानात उतरतं. कुत्र्यात ही मधली खोली म्हणजे कवटीच्या तळाला असलेला हाडाचा एक पोकळ फुगा आहे, त्यातच वरच्या अंगाला ती तीन हाडं, शाळेत शिकलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब. तिथून पुढं एका बारीक पडद्यापलीकडं आतला कान. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या काही ड्रॉप्समध्ये जेंटामायसिनच्या कुळातली औषधं असतात, ती तिथवर पोचली तर ऐकण्याच्या पेशी मारू शकतात. माझ्याकडं एकदा एक कुत्रा आला होता, मालकानं शेजाऱ्याच्या कुत्र्याचे उरलेले ड्रॉप्स आठ दिवस घातलेले, आला तेव्हा मान वाकडी आणि चालताना एका बाजूला झुकत होता. मान पुढं बरीच सरळ झाली, पण त्या कानानं ऐकू येणं काही परत आलं नाही.

तर करायचं काय. पहिल्यांदा डॉक्टर ऑटोस्कोप, म्हणजे कानात बघायची बॅटरीची नळी, घालून बघतील, पाळी वर आणि बाहेर ओढली की तो एल्बो बऱ्यापैकी सरळ होतो आणि पडदा दिसतो. तो शाबूत आहे असं कळलं की मग घरी त्यांनी दिलेलं क्लीनर भरपूर घाला, बुडाशी अर्धा मिनिट चोळा, पचक पचक असा आवाज आला पाहिजे, आणि मग लांब व्हा, कारण तो डोकं झटकणार आणि भिंतीवर नक्षी काढणार. वर आलेलं कापसानं पुसायचं, बोट जाईल तेवढंच. बड नाही. आणि दरवर्षी होतंय म्हणताय तर मुळाशी ॲलर्जी आहे का तेही विचारा, वारंवार पिकणाऱ्या कानांत बऱ्याचदा तीच निघते, नुसते कान धूत बसलात तर पुढच्या जूनमध्ये परत हेच पत्र लिहाल.

जाता जाता एक, झटकून झटकून एखाद्या दिवशी त्याची पाळीच पुरीसारखी टम्म फुगली तर घाबरू नका आणि सुईही टोचू नका. आतली बारीक रक्तवाहिनी फुटून कूर्चा आणि कातडीच्या मध्ये रक्त साठलेलं असतं. ते नीट काढून टाके घालावे लागतात, नाहीतर कान सुकलेल्या जर्दाळूसारखा आक्रसून बसतो.

प्रश्न : गायीच्या कानाला सरकारी पिवळा बिल्ला मारला त्या जागी जखम होऊन अळ्या पडल्या. मारणाऱ्यानं चुकीच्या जागी मारला का? शेजारी म्हणतो कानाला काय होतंय, कानात जीवच नसतो. (एक पशुपालक, तालुका सांगोला)

उत्तर : शेजाऱ्याला सांगा स्वतःच्या कानाला चिमटा काढून बघ. दादा, सकाळच्या कोवळ्या उन्हात गायीच्या मागं उभं राहून तिचा कान सूर्याच्या दिशेनं धरा. पाळी गुलाबी दिसेल आणि तिच्यात लांब लांब शिरा बोटं पसरल्यासारख्या टोकाकडं गेलेल्या दिसतील. मध्ये लवचिक कूर्चा आणि दोन्ही बाजूंनी कातडी, करंजीच्या पारीइतकं पातळ हे सँडविच. बिल्ला मारायचा तो पाळीच्या मधोमध, या जाड शिरा आणि कूर्चेचे उंचवटे सोडून. कडेला मारला तर गव्हाणीत, तारेत अडकून कान फाटतो, अगदी बुडाशी मारला तर कूर्चा जाड असते आणि रक्तही जास्त येतं.

कूर्चेची एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या कातडीतून पाझरेल त्यावर ती जगते. म्हणून तिथं एकदा घाण गेली की जखम भरायला वेळ लागतो, आणि पावसाळी दिवसांत माशी तेवढ्यात अंडी घालून जाते. दोष नेहमी जागेचाच असतो असं नाही, चिमटा आणि कान आधी जंतुनाशकानं पुसला नसेल, नंतर आठ दिवस कुणी बघितलंच नसेल, तरी हेच होतं. अळ्या पडल्यात तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेवर ठेवतात, अळ्या वर येतात, त्या चिमट्यानं एकेक वेचून काढायच्या आणि वर माशी बसू नये म्हणून मलम किंवा स्प्रे. पण बोळा जखमेवरच हां, टर्पेंटाइन कानाच्या भोकात जाता कामा नये. आणि बिल्ला काढून फेकून देऊ नका, त्यावरचा १२ आकडी नंबर म्हणजे त्या जनावराची सरकारी ओळख, लसीकरणापासून विम्यापर्यंत सगळं त्यावर चालतं. काढावाच लागला तर दवाखान्यात सांगून नोंद करून घ्या.

आता कानात जीव नसतो म्हणणाऱ्या शेजाऱ्यासाठी अजून एक. गाय व्याली आणि दोन-तीन दिवसांत बसली, उठेना, मान वळवून कुशीवर ठेवलीय, तर पहिला हात कुठं लावायचा? कानाला. आमच्याकडं रात्री फोन येतो तेव्हा मी एवढंच विचारतो, "कान गार आहेत का?" गार असले तर बहुतेक रक्तातलं कॅल्शियम घसरलंय, म्हणजे मिल्क फीव्हर. नावात फीव्हर असलं तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडत जातं, आणि कान पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असल्यानं रक्त आत ओढलं गेलं की आधी तिथंच कळतं. शिरेतून कॅल्शियम दिलं की तासाभरात गाय उठून उभी राहिलेली मी असंख्य वेळा बघितलीय, पण ते डॉक्टरनंच आणि सावकाश द्यायचं, घाईनं सोडलं तर हृदय थांबतं. थायलेरिया या गोचिडातून होणाऱ्या रक्ताच्या आजाराची शंका असली तर काचेवर रक्ताचा थेंब घ्यायला आम्ही कानाची शीरच टोचतो. एवढं सगळं देणारा अवयव आणि म्हणे जीव नाही.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडी आणली. कानाची टोकं एकमेकांना टेकतात म्हणून किंमत जास्त द्यावी लागली. त्या कानानं जास्त ऐकू येतं का? आणि दुसरं, आणल्यावर महिन्यानं तिला ताप आला, जबड्याखाली गाठी आल्या, ते बरं झालं, पण अजून मान खाली घालून चरायला लागली की एका नाकपुडीतून पू येतो. (एक वाचक, जिल्हा नाशिक)

उत्तर : पहिल्याचं उत्तर छोटं आहे, टोकं टेकली म्हणून जास्त ऐकू येत नाही, तो देखणेपणा आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांची ती ओळखच, दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी सगळे आधी कानाकडं बघतात आणि मग दात बघायला तोंड उघडतात. घोड्याचा कान म्हणजे फिरती तबकडी, बुडाशी डझनाहून जास्त स्नायू असतात, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात, आणि अनुभवी घोडेवाला घोड्याचा मूड कानावरूनच वाचतो. कान मागं चिकटले की आपण मागं सरायचं.

तुमचा दुसरा प्रश्न मात्र खरा कानाचा आहे, आणि तो कानाचा आहे हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मधल्या कानातून घशाकडं एक नळी जाते, युस्टेशियन नळी, घाटात गाडी चढताना आपले कान बंद होतात आणि आवंढा गिळला की सुटतात ते तिच्यामुळं. आपल्यात ती नुसती नळी. घोडा, गाढव, खेचर यांच्यात मात्र ती वाटेत फुगून मोठी पिशवी होते, डावीकडं एक, उजवीकडं एक, प्रत्येकीत ३०० ते ५०० मिली हवा, म्हणजे पाण्याच्या छोट्या बाटलीएवढी पोकळी जबड्याच्या मागं, घशाच्या वर. गटरल पाऊच म्हणतात. गाय, बकरी, कुत्रा, मांजर, कुणालाच नाही. मी शिकत असताना पहिल्यांदा घोड्याचं डोकं उभं कापलेलं बघितलं तेव्हा मला वाटलं कापणाऱ्याकडूनच काहीतरी चुकलंय.

ती कशासाठी आहे यावर वाद आहेत, मेंदूकडं जाणारं रक्त थंड करायला असावी असं काही संशोधक म्हणतात. आपल्या कामाची गोष्ट ही, की त्या पिशवीच्या पातळ भिंतीतूनच मेंदूकडं जाणारी मोठी धमनी जाते, शिवाय गिळण्याचं काम करणाऱ्या नसा. तुमच्या घोडीला जे झालं ते वर्णनावरून स्ट्रँगल्स, म्हणजे घोड्यांचा गाठी येणारा संसर्गजन्य आजार वाटतो, बाजारातून नव्यानं आणलेल्या घोड्यांत हे नेहमीचं. गाठी फुटल्या की काही वेळा पू आतल्या बाजूनं या पिशवीत पडतो आणि तिथंच राहतो, बाहेर जायचं भोक वरच्या अंगाला असल्यानं घोडी मान वर ठेवून उभी असली की काही दिसत नाही, मान खाली घातली की वाहतं. फार दिवस राहिला तर तो पू वाळून त्याचे गोटे होतात, पनीरच्या खड्यांसारखे. वरून ठणठणीत दिसणारी अशी घोडी महिनोन् महिने दुसऱ्या घोड्यांना रोग देत राहते. म्हणून तिची बादली, लगाम, सगळं वेगळं ठेवा आणि एंडोस्कोपची सोय असेल अशा ठिकाणी पिशवी बघून धुऊन घ्या. त्याआधी रक्त तपासून ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग नाही ना याची खात्री करा, घोड्याच्या नाकातून पू म्हटलं की ती शंका घ्यायलाच हवी कारण तो माणसालाही होतो, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते, नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठवतात. आणि नाकातून पू ऐवजी अचानक लाल रक्त आलं तर थांबू नका, बुरशीनं ती धमनी कुरतडलेली असू शकते.

प्रश्न : शेळी दोन दिवस मान वाकडी करून गोल गोल फिरते. एक कान पडलाय. गावात म्हणतात कानात गोचीड शिरलं असणार, तेल सोडा. (एक पशुपालक, जिल्हा धाराशिव)

उत्तर : हे पत्र वाचल्या वाचल्या मी फोन केला होता, तरी इथं लिहितो कारण असं वरचेवर होतं. आतल्या कानात ऐकायच्या गोगलगायीसारख्या वेटोळ्याशेजारीच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या, आत पाणी. गवंड्याची पाणसळ कशी भिंत वाकडी आहे का सांगते तसं या नळ्या मेंदूला डोकं कुठं वळलंय ते सांगतात. एका बाजूची पाणसळ बिघडली की मेंदूला वाटतं जग कललंय, आणि जनावर त्या बाजूला मान टाकून फिरायला लागतं. चेहऱ्याची नस मधल्या कानाला खेटूनच जाते, म्हणून तिथं पू झाला की कान पडतो, पापणी मिटत नाही, एका बाजूनं लाळ गळते. इथपर्यंत सगळा दोष कानाचा.

पण हेच सगळं लिस्टेरिया नावाच्या जंतूच्या आजारातही होतं, आणि तिथं दुखणं कानात नसून मेंदूच्या बुडाशी असतं. फरक ओळखायची एक साधी खूण सांगतो, शेळीच्या तोंडाकडं बघा. कानाचं दुखणं असलेली शेळी वाकडी असते पण हुशार असते, हाक मारली की बघते, पाला पुढं केला की ओढते. लिस्टेरियाची शेळी मलूल होते, ताप असतो, कोपऱ्यात डोकं लावून उभी राहते, तोंडातला घास तोंडातच राहतो. बुरशी आलेला मुरघास घालत असाल तर शंका अजून वाढवा. शेळीत हा आजार दोन-तीन दिवसांत जीव घेतो, तेल सोडून उद्या बघू म्हणायला वेळच नसतो. माणसालाही होतो, तेव्हा तिचं दूध तापवल्याशिवाय घेऊ नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या शेळीपासून लांब ठेवा.

प्रश्न : लांडग्याचे कान उभे, मग आपल्या पाळीव जनावरांचे इतके लोंबते कसे झाले? आमच्या गीर गायीचे तर गळ्यापर्यंत येतात. (एक वाचक, बारामती)

उत्तर : हा प्रश्न डार्विनलाही पडला होता, १८५९ मध्ये त्यानं लिहून ठेवलंय की एकही पाळीव जनावर असं नाही ज्याचे कुठल्या ना कुठल्या देशात कान लोंबते नाहीत. त्या वेळी एक तर्क असा होता की धोका कमी झाला, कान टवकारायची गरज संपली, स्नायू ढिले पडले. १९५९ मध्ये सैबेरियात नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, दर पिढीत फक्त माणसाला न घाबरणारी पिल्लं निवडायची, कानाकडं बघायचंच नाही. काही पिढ्यांत काही पिल्लांचे कान लोंबायला लागले, अंगावर पांढरे ठिपके आले. २०१४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी यावर असं मांडलं की गर्भात एकाच प्रकारच्या पेशी कानाची कूर्चा, कातडीचा रंग आणि भीतीचे हार्मोन काढणारी ग्रंथी या सगळ्यांना हातभार लावतात, त्या थोड्या कमी पडल्या की स्वभाव मऊ आणि कानही मऊ. सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालू आहे.

उन्हामुळं कान लांब झाले असंही लोक सांगतात. मोठा कान उष्णता बाहेर टाकायला मदत करतो हे खरंच, पण एवढ्यानं भागत नाही. उत्तर प्रदेशाच्या त्याच उन्हातल्या दोन शेळ्या बघा, जमनापारीचे कान वीतभराहून लांब आणि बरबरीचे छोटे, उभे, हरणासारखे. माझ्या मते तिथं ऊन कमी आणि माणसाची आवड जास्त आहे.

तुमच्या गीरचे गुंडाळलेल्या पानासारखे कान, टोकाला खाच, सुंदरच दिसतात, पण आतून हवा लागत नाही. ब्राझीलमध्ये आपल्या सौराष्ट्रातून गेलेली गीर प्रचंड वाढली, आणि तिथं त्यांच्या कानात ऱ्हॅब्डायटिस नावाचे केसासारखे बारीक जंत होतात, मळ आणि पू यात वाढतात, घाण वास येतो, गाय डोकं झटकत राहते. लोंबत्या, गुंडाळलेल्या कानाची ही किंमत. धुताना पाणी आत साठू देऊ नका आणि आठवड्यातून एकदा घडी उलगडून बघत जा, गोचीडही तिथंच लपून बसतं.

प्रश्न : मी डावीकडून हाक मारतो आणि म्हैस भलतीकडंच बघते. बहिरी आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या हाकेला कान तरी हलवते ना? मग बहिरी नाही. म्हशीचं मोजमाप माझ्या वाचण्यात नाही, पण गायीवर झालंय. गायीला आपल्यापेक्षा जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, आपण २०,००० हर्ट्झपर्यंत, गाय ३५,००० पर्यंत, मांजर तर त्याच्याही दुप्पट. पण आवाज नेमका कुठून आला हे ओळखण्यात गाय कच्ची. मांजराला जागा पाच अंशांच्या फरकानं कळते, कुत्र्याला आठ, गायीला जवळपास ३०. उंदीर पकडायचा असेल तर नेमकी जागा कळावी लागते, पळूनच जायचं असेल तर आवाज आला एवढं पुरतं. म्हैसही त्याच घरातली. तुम्ही जरा पुढं येऊन हाक मारा.

प्रश्न : आमची मांजर पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे. मिक्सर लावला तरी हलत नाही. शिवाय तिच्या दोन्ही कानांच्या कडेला चीर आहे, कुणी कापलंय का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : चीर कुणी कापलेली नाही, प्रत्येक मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेला बुडाशी तो छोटा खिसा असतोच. फक्त गोचीड आणि पिसवांना लपायला तो आवडतो, तेव्हा तिथं बघत जा.

ऐकण्याबद्दल तुमचा अंदाज बहुतेक बरोबर आहे. ज्या पेशी रंग देतात त्याच आतल्या कानातल्या पाण्याचं क्षारांचं गणित सांभाळायलाही लागतात, पांढरेपणाच्या जीनमुळं त्या तिथवर पोचल्या नाहीत तर जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरतात. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एकच डोळा निळा असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास, आणि बऱ्याचदा निळ्या डोळ्याच्याच बाजूचा कान. डाल्मेशियन कुत्र्यांतही हीच भानगड. घरी तपासायचं तर ती पाठमोरी असताना दुसऱ्या खोलीतून किल्ल्या वाजवा, जवळून टाळी वाजवलीत तर हवेचा झोत आणि फरशीची थरथर तिला कळते आणि आपण फसतो. उपचार काही नाही. तिला रस्त्यावर सोडू नका, आणि झोपलेली असताना हात लावण्याआधी गादी जरा हलवत जा, दचकून ओरबाडणार नाही.

प्रश्न : कोंबडीला कान असतात का? आणि कानाच्या रंगावरून अंड्याचा रंग कळतो म्हणतात ते खरं का? (इयत्ता आठवीतली वाचक, संगमनेर)

उत्तर : असतात की. डोळ्याच्या जरा मागं बारीक पिसांचा एक झुपका असतो, तो हलकेच फुंकर मारून बाजूला केलास तर भोक दिसेल. पाळी नाही, आणि तीन हाडांऐवजी एकच हाड. पण या एकाच हाडावाल्या कानात एक गोष्ट आपल्यापेक्षा भारी आहे. आपल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की मेल्या, फटाक्यानं असोत नाहीतर औषधानं. पक्ष्यांत त्या परत येतात, हे १९८८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं आणि तेव्हापासून माणसातही ते जमेल का म्हणून शोध चालू आहे.

भोकाखाली जो कातडीचा तुकडा लोंबतो त्याचा ऐकण्याशी संबंध नाही. पांढरा असेल तर सहसा अंडं पांढरं, लेगहॉर्न बघ, लाल असेल तर सहसा तपकिरी, ऱ्होड आयलंड रेड बघ. सहसा म्हणालो, अपवाद आहेत. आणि कडकनाथ कितीही काळी असली तरी अंडं काळं नसतं, तसं कुणी विकत असेल तर घेऊ नकोस.

प्रश्न : कुत्रीला सहा पिल्लं झालीत, आज नववा दिवस. ताट आपटलं तरी एकही दचकत नाही. सगळीच बहिरी जन्मली का? तेल घालू का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही, आणि नाही. पिल्लांच्या कानाची भोकं जन्मताना बंदच असतात, साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, डोळ्यांच्या आगेमागे. तेल घातलंत तरी जाणार कुठं, दारच उघडलेलं नाही. अजून आठवडा-दीड आठवडा थांबा आणि मग ताट न आपटता नुसती दाराची कडी वाजवून बघा.